साखर गेली, तिची कामं उरली

दिवाळी जवळ आली की घरगुती बेकिंग करणाऱ्यांच्या फोनवर एक मागणी हमखास येऊ लागते. ओट्सच्या कुकीज हव्यात, पण साखर घालायची नाही, गूळ चालेल. मागणाऱ्याच्या मनातला हिशेब सरळ असतो: एक डबा फळीवर ठेवायचा, दुसरा काढायचा. करणाऱ्याला मात्र माहीत असतं की गोडी हा यातला सगळ्यात सोपा भाग. साखर गेल्यावर तिची बाकीची कामं कुणाच्या गळ्यात घालायची, इथून खरी खटपट सुरू होते.

ही कामं थोडीथोडकी नाहीत. लोणी आणि साखर फेसताना साखरेचे टोकदार कण लोण्यात हवा अडकवतात. ओव्हनमध्ये हीच हवा फुगते आणि बिस्कीट हलकं होतं. साखर पिठातलं पाणी स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे गव्हातलं ग्लूटेन फार बळावत नाही आणि घास चिवट न होता खुसखुशीत राहतो. तापल्यावर ती विरघळते आणि गोळा सैल होऊन ट्रेवर पसरतो. निवताना पुन्हा घट्ट होते आणि कडा कुरकुरीत होतात. सोनेरी रंग, भाजल्याचा खमंग वास, यांतही तिचा हात असतो. शिवाय कारखान्यातली पांढरी साखर बारा महिने सारखीच वागते, आणि रोज भट्टी पेटवणाऱ्या माणसाला याहून मोठा आधार नाही.

गुळाचा असा भरवसा देता येत नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण एकाच दुकानातून आणलेल्या दोन ढेपाही सारख्या निघतील असं नाही. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत आटवताना भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस घालून मळी वर आणतात आणि ती काढून टाकतात. ऊस किती पक्व होता, रस किती स्वच्छ झाला, किती वेळ आटला, यावर गुळातलं पाणी, आम्लता आणि रंग ठरतो. पिवळाधमक गूळ लवकर विकला जातो म्हणून काही ठिकाणी तो उजळवायला हायड्रॉस वापरतात. कुकीजसाठी तपकिरी, गडद गूळच घ्यावा. त्याची चव काकवीच्या जवळ जाणारी असते आणि भाजलेल्या ओट्सच्या वासाशी ती फार छान जुळते. चिक्कीचा गूळ मात्र टाळलेला बरा. त्याचा गुण चिकटण्याचा, आणि कुकी दातांना चिकटली की खाणाऱ्याचा उत्साह ओसरतो.

रंगाचीही एक अडचण आहे. गुळात मुख्यतः सुक्रोजच असतं, म्हणजे साखरेत जे असतं तेच. पण त्याच्या जोडीला ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे असतात, साधारण दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली की तपकिरी रंग येतो, याचं वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. या क्रियेत सुक्रोजला थेट भाग घेता येत नाही. सुट्या ग्लुकोज-फ्रुक्टोजला येतो. म्हणून १८० अंश सेल्सिअसवर साखरेची कुकी नुकती सोनेरी होत असते, तेव्हा गुळाची तळाशी काळपटायला लागलेली असते. तापमान १६० ते १६५ वर आणायचं आणि दोन-तीन मिनिटं जास्त द्यायची, एवढ्याने काम भागतं. घरच्या छोट्या ओटीजीमध्ये रॉड ट्रेच्या फार जवळ असतात आणि बटणावरचा आकडा नेहमी खरा असतो असं नाही, म्हणून ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर जरूर घ्यावा. गुळाच्या कुकीत दहा अंशांची चूकही दिसते.

पसरण्याचं गणित मराठी स्वयंपाकघराला जुनंच आहे. अनारशाच्या पिठात गूळ जास्त झाला की तुपात सोडताक्षणी त्याची शकलं होतात, आणि बायका म्हणतात, अनारसा हसला. ओट्सची कुकीही अगदी अशीच हसते. गूळ वाढला, तूप पातळ असताना पीठ भिजवलं, किंवा भिजवल्यावर लगेच ट्रे आत सरकवला, की गोल कुकीजच्या जागी एकमेकींत मिसळलेला एकच पातळ थर हाती येतो. अशा वेळी आणखी मूठभर कणीक घालण्याचा मोह होतो. त्याने आकार टिकतो, पण कुकी कडक होते. पीठ झाकून अर्धा तास थंड जागी ठेवणं हा खरा उपाय. तेवढ्या वेळात ओट्स आणि कणीक गुळाचा ओलावा पितात, तूप घट्ट होतं आणि गोळा हाताला न चिकटता वळतो.

कुठले ओट्स, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. पाकिटावर मसाला नसला तरी इन्स्टंट ओट्स इतके बारीक आणि पातळ असतात की भिजताच त्यांचा लगदा होतो. स्टील-कट म्हणजे कापलेले दाणे; ते पंधरा मिनिटांत मऊ पडत नाहीत. मधले, वाफवून चपटे केलेले रोल्ड ओट्स घ्यावेत. हे वाफवणं नुसतं शिजायला सोपं जावं म्हणून नसतं. ओट्समध्ये गव्हाच्या तुलनेत बरीच जास्त स्निग्धता असते, आणि ती नासवणारं लायपेझ नावाचं विकरही दाण्यातच असतं. उष्णता देऊन ते आधी निकामी करावं लागतं, नाहीतर ओट्सला कडवट, खवट चव येते. घरी आणल्यावर ते रव्यासारखे मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परतून घ्यावेत. या एका पायरीने जो खमंगपणा येतो, तो साखरेच्या जाण्याने पडलेली पोकळी बरीच भरून काढतो.

महाराष्ट्राच्या शेतात ओट पिकतो तो मुख्यतः जनावरांसाठी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा वाण हिरव्या चाऱ्याचाच. यात कमीपणा काही नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात नोंदवून ठेवलं होतं की इंग्लंडमध्ये जे धान्य घोड्यांना घालतात, त्यावर स्कॉटलंडमध्ये माणसं जगतात. त्या स्कॉटिश माणसांनी लोखंडी तव्यावर भाजलेले ओटकेक केले: ओट्सचं भरड पीठ, थोडी चरबी किंवा लोणी, मीठ, पाणी. साखरेचा कणही नाही. म्हणजे ओट्स भाजायला साखर लागतेच असं नव्हतं. ती नंतर आली.

मराठी घरासाठी त्याहून उपयोगी आहे ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं अँझॅक बिस्कीट. ओट्स, खोबरं, मैदा, लोणी, साखर आणि गोल्डन सिरप, अंडं नाही. तिथे बांधणीचं काम सिरप करतं. लोणी आणि सिरप एकत्र वितळवायचं, गरम पाण्यात कालवलेला सोडा त्यात ओतायचा, मिश्रण फेसाळलं की कोरड्या जिनसांवर घालायचं. गोल्डन सिरप हे साखरेच्या कारखान्यातलंच. त्याच्या जागी काकवी घेऊन साखर वगळली तर हीच कृती जवळजवळ जशीच्या तशी चालते, कारण काकवीही दाट, किंचित आम्ल आणि चिकट असते. सोडा पडताच ती तशीच फसफसते. अंडं न चालणाऱ्या घरांत ओट्सच्या कुकीज फुटतात, भुगा होतो, अशी तक्रार असते. काकवीने ती बरीच दूर होते, आणि साताऱ्या-कोल्हापूरकडे बाटलीबंद काकवी मिळतेही सहज.

ढेपेचाच गूळ वापरायचा असेल तर एका घाण्याचं, हाताशी ठेवावं असं प्रमाण असं: परतलेले ओट्स १०० ग्रॅम, त्यातले अर्धे मिक्सरमधून भरड काढलेले; पोळीची कणीक ८० ग्रॅम; बारीक किसलेला गूळ ८० ग्रॅम; घट्ट साजूक तूप ६० ग्रॅम; दोन मोठे चमचे दूध; पाव लहान चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, जायफळ आणि थोडे तीळ. गूळ आणि तूप हाताने किंवा व्हिस्कने रंग फिका पडेपर्यंत फेसायचं. गुळात साखरेइतकी हवा धरली जात नाही, म्हणून सोडा लागतो. गुळाची आम्लता त्याला पुरते. मात्र सोडा पाव चमच्याच्या वर गेला की साबणासारखी चव येते आणि रंगही काळवंडतो. दूध गार असावं, गरम दुधात गूळ पडला तर ते फाटतं. गुळाचे खडे राहू देऊ नयेत. ते वितळून तळाशी येतात आणि तिथे कुकी करपते.

तूप की लोणी, यावर वाद घालणारे भेटतात. विकतच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि उरलेलं बहुतेक पाणी. तुपात जवळजवळ सगळा स्निग्धांशच. पाणी कमी म्हणजे ग्लूटेन कमी जागं होतं. शंकरपाळ्यांत कडकडीत मोहन घालण्यामागेही हाच हेतू. कणकेचा कोंडा मुळातच कुकीला जड करतो, तेव्हा इथे तूपच योग्य. बेकरीत घरचं तूप, मैदा आणि पिठीसाखर देऊन नानकटाई भाजून आणण्याची पद्धत अनेक गावांत अजून आहे. त्या बेकरीवाल्यांना तूप किती वेळ फेसायचं हे कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांच्याकडे उभं राहून पाहावं.

कुकी ओव्हनमधून काढताना मऊच असायला हवी. कडा धरलेल्या, मधला भाग बोटाला दबणारा. गरम ट्रेवर दहा मिनिटं राहिली की ती आपली आपण घट्ट होते. ‘अजून शिजली नाही’ म्हणून आणखी पाच मिनिटं दिली, तर निवल्यावर ती दातांना जुमानत नाही.

गूळही नको असणाऱ्यांसाठी खजूर आहे. बिया काढून कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवायचा आणि वाटायचा. खजुरात साखर साठ टक्क्यांच्या वर असते, पण सोबत तंतूही येतात. त्याची कुकी मात्र स्वभावानेच वेगळी. ती पसरत नाही, काट्याने दाबून चपटी करावी लागते, आणि कुरकुरीत कधीच होत नाही, कारण निवताना घट्ट होणारं सुक्रोजच तिच्यात फारसं नसतं. तिच्याकडून कुरकुरीतपणा मागू नये. मऊ, चघळायला दाट, हीच तिची मजा. केळ्याचंही तसंच. कच्च्या केळ्यातला वीस टक्क्यांच्या आसपासचा स्टार्च पिकताना जवळजवळ सगळा साखरेत बदलतो, म्हणून सालीवर तपकिरी ठिपके पडलेलं केळंच कुस्करायला घ्यावं. जळगावच्या केळ्यांवर वाढलेल्या खानदेशी घरात अशी केळी शोधावी लागत नाहीत. फक्त या कुकीज पाणीदार असतात. दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पोटात गेलेल्या बऱ्या.

आता आरोग्याचं. इथे स्पष्ट बोलायलाच हवं, कारण गोड बोलून विकणं सोपं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर कोलेस्टेरॉलबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जाण्याच्या अटीवर. ओट्समध्ये हा विरघळणारा तंतू साधारण ४ टक्के असतो. वरच्या घाण्यात १०० ग्रॅम ओट्स, म्हणजे ४ ग्रॅम. कुकीज होतात १८. तीन ग्रॅम मिळवायचे तर तेरा-चौदा कुकीज खाव्या लागतील, आणि त्यांच्यासोबत साठ ग्रॅम गूळ पोटात जाईल. कोलेस्टेरॉलसाठी सकाळची ओट्सची खिचडी किंवा उपमाच योग्य. कुकी हा खाऊ आहे. चांगला, घरच्या तुपाचा, ओळखीच्या जिनसांचा खाऊ.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की मोकळी साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवावी, जमल्यास ५ टक्क्यांखाली. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम होतात. या मोजणीत मध आणि पाकही येतात. गुळाला वेगळी सवलत नाही. ब्रिटनमध्ये तर वाटून लगदा केलेल्या फळातली साखरही मोकळी धरतात. वरच्या प्रमाणात एका कुकीत साडेचार ग्रॅमच्या आसपास गूळ येतो आणि उष्मांक ऐंशीच्या घरात. चहासोबत दोन खाल्ल्या तर हिशेब हाताबाहेर जात नाही. मधुमेह असलेल्या माणसाला मात्र ‘गुळाच्या आहेत, खा बिनधास्त’ असं सांगणं हा त्याच्याशी केलेला अन्याय आहे, आणि दुर्दैवाने ते प्रेमानेच सांगितलं जातं. कृत्रिम गोडी ही पळवाटही फार दूर नेत नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ती वापरू नये, असं त्याच संघटनेने २०२३ मध्ये सुचवलं. आणि कुकीचं शरीर बांधण्याचं काम तर तिच्याने होतच नाही.

म्हणून डब्यावर काय लिहायचं, हाही या कारागिरीचाच भाग. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार ‘शुगर फ्री’ म्हणायला १०० ग्रॅम घन पदार्थात साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. गुळाच्या कुकीत ती शंभराला वीस ग्रॅमच्या वर भरते. ते दोन शब्द तिच्या लेबलवर येऊच शकत नाहीत, ओळखीतल्या चार घरांना विकताना सुद्धा. त्या जागी सरळ लिहावं: ओट्स, कणीक, साजूक तूप, गूळ, १८ नगांत गूळ ८० ग्रॅम. आणि पावसाळ्यात डबा मुंबईला किंवा कोकणात जाणार असेल तर खाली आणखी एक ओळ: मऊ पडल्यास १५० अंशांवर पाच मिनिटं पुन्हा भाजावे, पूर्ण निवल्यावर झाकण लावावे.