पानिपतचा डाव परतूरला ठरला

सिव्हिलायझेशन नावाचा एक कॉम्प्युटर गेम आहे. १९९१ पासून त्याच्या एकेक आवृत्त्या निघताहेत. माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र तो मिळून खेळतात. एक जण पुण्यात, बाकीचे परभणीत अन् सेलूत. पाळीपाळीने चाल करायची. सुरुवातीला हातात एक वस्ती बसवणारी टोळी आणि एक लढवय्या, एवढंच. त्यातून गावं वसवायची, शेती, रस्ते, सैन्य उभं करायचं. चौघं एका संघात असले की एकाने युद्ध पुकारलं तरी बाकीचे आपोआप त्यात ओढले जातात.

परवा या पोरांचं जोरात भांडण चाललेलं. एकाचं म्हणणं, सुरुवातीलाच मिळेल तेवढी जमीन धरा, नंतर मोकळी जागा उरत नाही. दुसरा म्हणे, राजधानीपासून लांब गाव वसवलं की शेजारच्या दबावाने ते फुटतं, आधी आहे ते सांभाळा. दोघांचंही बरोबर होतं. मी म्हणलं, अरे बाबांनो, हाच डाव आपल्या परतूरला खरोखर खेळला गेलाय.

परतूर म्हणजे सेलू ओलांडलं की लागतं ते. १९८१ ला जालना जिल्हा झाला, तोवर ते परभणी जिल्ह्यातच होतं. पानिपत सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण त्या मोहिमेचा निर्णय या गावाजवळच्या छावणीत झाला हे आपल्याच पोरांना माहीत नाही.

फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं. साठेक लाख उत्पन्नाचा मुलूख मिळाला, दौलताबादसारखे किल्ले मिळाले. मिळालेलं नीट पदरात पडायच्या आतच उत्तरेतून बातमी आली : १० जानेवारीला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, अब्दाली दिल्लीच्या तोंडाशी आहे. नानासाहेब पेशवे, भाऊ, रघुनाथराव परतूरला बसले. भाऊ आणि तरुण विश्वासराव यांनी जायचं ठरलं आणि मार्चच्या मध्याला फौज निघाली.

आता घरात बसून "जायलाच नको होतं" म्हणणं सोपं आहे. दत्ताजी गेल्यावर गप्प बसता येत नव्हतं. माझ्या मते गडबड त्याच्या दोन वर्षं आधीच झाली होती. १७५८ ला रघुनाथराव लाहोरपर्यंत पोचले, अटकेपार झेंडे गेले. त्याचा अभिमान आपण आजही बाळगतो. पण पुण्यापासून एवढ्या लांबचा मुलूख धरून ठेवायला मागे किती फौज ठेवली, तिचा पगार कोण देणार, याचा हिशोब लागला नव्हता. मोहिमेतून खजिना भरायच्या ऐवजी कर्जच आलं. १७५९ ला अब्दाली परत आला आणि पंजाब हातचा गेला.

दुसरी गोष्ट सोबत्यांची. उत्तरेत चौथाई आणि खंडणी वसूल करताना जे दुखावले गेले, ते गरजेच्या वेळी आले नाहीत. राजपूत लांब राहिले. शुजाउद्दौला अब्दालीकडे गेला. सूरजमल जाट आला होता. बायकापोरं, जड सामान मागे ठेवा, असं त्याने सांगितलं. मल्हारराव होळकरांचा कल गनिमी काव्याकडे होता. ते ऐकलं गेलं नाही आणि सूरजमल निघून गेला. दिल्ली घेतली तर तिजोरी रिकामी. दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली, तीही महिनाभरच पुरली. शेवटी रसद तुटली आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी फौज लढायला उतरली.

आणि उदगीरला जिंकलेल्याचं काय? पानिपताला वर्ष व्हायच्या आत निजाम पुण्याच्या रोखाने निघाला. १७६३ ला त्याने पुणं लुटलं, जाळलं. शेवटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याच गोदाकाठी, राक्षसभुवनला, माधवराव पेशव्यांनी त्याला हरवलं. म्हणजे एकदा जिंकलेला डाव तीन वर्षांनी पुन्हा रक्त सांडून जिंकावा लागला.

हे आज लिहायचं कारण, सहकार हाही मिळून खेळायचाच डाव आहे. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत पतसंस्थांनी, मल्टिस्टेटवाल्यांनी काय केलं ते बघा. पहिल्या शाखेचं कर्ज वसूल व्हायच्या आत दहावी शाखा. चकाचक ऑफिस, जास्त व्याजाचं आमिष. कुणी शंका काढली की तो विरोधक. मग एक दिवस शटर खाली आणि बाहेर पेन्शनवाले, कापूस विकून ठेव ठेवलेले शेतकरी, पोरीच्या लग्नाचे पैसे अडकलेल्या माउल्या. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं जे संरक्षण असतं, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, हे कित्येकांना तेव्हाच कळतं.

शाखा वाढवायचा निर्णय संचालक घेतात, पण भोगायचं सभासदाने. संघातल्या एकाने युद्ध पुकारलं की सगळे युद्धात, तसंच.

तेव्हा परभणीकरांनो, सप्टेंबर अखेरपर्यंत संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. नाश्त्याचं पाकीट आणि भेटवस्तू घेऊन परत येऊ नका. अहवाल हातात घ्या, उभं राहून तीन प्रश्न विचारा. थकबाकी किती? नवी शाखा कुणाच्या पैशातून? मागच्या शाखेचा नफा-तोटा काय? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

तुमच्या संस्थेच्या सभेत असे प्रश्न विचारू देतात का? कमेंटमध्ये सांगा, पण नावं घेऊन चिखलफेक नको.