डाळ आईच्या हातची

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सरळ दोन पार्ट्या पडतात. एक हापूसवाल्यांची आणि दुसरी ‘रस काढायचा तर पायरीचाच’ म्हणणाऱ्यांची. (केशरवालेही असतात, पण ते बिचारे आवाज न करता डबा संपवतात.) २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पहिल्या पार्टीला तर जास्तच चेव आलाय. मी या भांडणात पडत नाही. माझा उन्हाळा आंबा पिकायच्या आधीच सुरू होतो. कैरीपासून!

चैत्रातलं हळदीकुंकू आठवतंय? पाडव्यानंतरच्या तृतीयेला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा पाळण्यात बसते ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. गौर माहेरपणाला आली म्हणायचं. या महिन्याभरात सोयीचा मंगळवार नाहीतर शुक्रवार गाठायचा, आरास मांडायची, दारात चैत्रांगण काढायचं आणि आजूबाजूच्या बायकांना बोलवायचं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाची फोड, ओटीत भिजवलेले हरभरे, हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, केसात मोगरा. एसी नसलेल्या जमान्यात कुणीतरी डोकं लावून ठरवलेला समर मेन्यू आहे हा. लहानपणी आईचं बोट धरून मी एका संध्याकाळी चार-चार घरं करायचे आणि घरी येऊन कुणाचं पन्हं पाणचट होतं याचा रिपोर्ट बाबांना द्यायचे. माझ्यातल्या पत्रकाराची सुरुवात बहुधा तिथेच झाली. (पन्ह्यात गूळच हवा. साखर घालणाऱ्यांशी माझं जेवढ्यास तेवढं असतं.)

आईची डाळ हा आमच्या कर्वेनगरच्या बिल्डिंगमधला ऑफिशियल विषय आहे. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि मग भरड वाटायची. भरड म्हणजे भरड, मिक्सरचं बटण जरा जास्त वेळ दाबलं की संपलं. त्यात किसलेली कैरी, हिरवी मिरची, मीठ, चवीला साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. वरून हिंग-मोहरीची सढळ तेलाची फोडणी, तीही गार करून. कैरी आंबटढाण हवी. तोतापुरी आणलीत तर आई तुमच्याकडे नुसतं बघेल, बोलणार नाही.

चव बघायचं काम बाबांचं. वाटीतली डाळ तोंडात टाकून, डोळे मिटून ते दरवर्षी एकच वाक्य बोलायचे, ‘‘कैरी कमी पडलीय.’’ आई ‘‘बरं’’ म्हणून आत जायची, काहीही न घालता तीच वाटी परत आणायची. मग बाबा म्हणायचे, ‘‘हां, आता झाली!’’ त्यांना हे माहीत होतं की नव्हतं, यावर माझं आणि दादाचं अजून एकमत नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बाबा गेले.

पुढचा चैत्र आला तेव्हा वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे आमच्याकडे काही नव्हतंच. पण खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, ‘‘वहिनी, डाळ तुमच्याच हातची हवी हं, चाळीसेक जणी आहेत.’’ आईनं सकाळपासून खपून दोन किलोची डाळ केली. चारला पातेलं खाली गेलं. सहानंतर जिन्यात बांगड्यांचे आणि साड्यांचे आवाज यायला लागले. आई टीव्हीचा आवाज मोठा करून एक सीरियल बघत बसली, जी ती एरवी कधीच बघत नाही. आठला पातेलं परत आलं. घासूनपुसून लख्ख आणि वर कलिंगडाच्या दोन फोडी.

यात कुणीही वाईट नव्हतं, हे मला मुद्दाम लिहायचंय. याच बायका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आमच्यासोबत रात्र-रात्र बसल्या होत्या. तेरा दिवस आमच्या घरची चूल पेटू दिली नाही त्यांनी. पण हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलवायचं नसतं, हे इतकं मुरलेलं आहे की तसं ठरवावंही लागत नाही. यादी करतानाच नाव येत नाही. डाळ मात्र आठवते.

माझ्यासारखी मास कॉमवाली अशा वेळी काय करते? रिसर्च! २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला होता. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. हाऊसिंग सोसायट्यांना कुणी कळवलं नाही बहुतेक. आणि आम्ही राहतो कुठे, तर कर्वेनगरमध्ये! धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, गावाचा बहिष्कार सोसला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो नंतर हिंगण्याला नेला. त्याच हिंगण्याचं आज कर्वेनगर झालंय. आमच्या पत्त्यात रोज त्यांचं नाव लिहितो आपण, असं जोरदार भाषण मी २०२५ च्या पाडव्याला श्रीखंड-पुरीच्या ताटावर आईला ऐकवलं.

आई शांतपणे म्हणाली, ‘‘कर्वे तू मला सांगू नकोस. तीस वर्षं राहतेय मी इथे.’’

मग पुरी मोडत, माझ्याकडे न बघता, ‘‘मला कुंकू नकोय गं. त्याच्यात माझा जीव नाही. मला बोलावणं हवं होतं.’’

माझ्या सगळ्या मुद्द्यांची हवा तिथेच गेली. तोवर मला वाटत होतं की आईला सगळं पहिल्यासारखं हवं असेल, टिकली, गजरा, ओटी. तिचं दुखणं वेगळंच होतं आणि त्यावर औषधही तिनंच शोधलं. ‘‘कुणी बोलवायची वाट कशाला बघायची? आपणच बोलवू,’’ म्हणाली.

१८ एप्रिल २०२५. शुक्रवार आणि वर गुड फ्रायडे, म्हणजे आयटीवाल्यांना सुट्टी. बंगळुरूहून दादा-वहिनी लाँग वीकएण्ड साधून आले. आदल्या दिवशी मी आणि आई नळ स्टॉपहून मेट्रोनं निघालो, कोर्टाच्या स्टेशनवर गाडी बदलली आणि जमिनीखालून थेट मंडईत उतरलो. आईचा हा पहिलाच भुयारी प्रवास. ‘‘पार्किंगवरून भांडण न करता मंडईत आलो, बाबांना खरं वाटलं नसतं,’’ हे तिचं मेट्रोविषयीचं मत. मग दोन तास उन्हात नुसती कैरीची परीक्षा. नखानं देठ खरवडून वास घ्यायचा, नाक मुरडायचं, पुढच्या गाळ्यावर जायचं. तुळशीबागेत गौरीसाठी एवढासा पाळणा घेतला. जुना चांगला होता, पण माझं तोंड बघून तिनं घासाघीस आवरती घेतली.

खरी पंचाईत झाली निमंत्रणाची. ‘हळदीकुंकू’ लिहायचं की नाही? वहिनी म्हणाली, ‘मँगो इव्हिनिंग’ लिहू या. तिला आम्ही प्रेमानं गप्प केलं. शेवटी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आईनं स्वतःच टाइप केलं, ‘शुक्रवारी संध्याकाळी ६ ते ९ गौरीच्या दर्शनाला आणि डाळ-पन्ह्याला यावे. सर्वांनी.’

त्या ‘सर्वांनी’मुळे धम्माल झाली. चक्क पुरुष आले! हळदीकुंकवाच्या घरात नेमकं कुठे बसायचं असतं याची सवयच नसल्यानं सगळे काका बाल्कनीत पन्ह्याचे ग्लास धरून रांगेत उभे राहिले, बसस्टॉपवर असल्यासारखे. माझ्या जुन्या ऑफिसमधल्या तिघी आल्या. त्यातली पाटण्याची मैत्रीण आईला सांगत होती की त्यांच्याकडे कैरी भाजून घेतात आणि जिरं, काळं मीठ घालतात. आईनं ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. गुळाचं काय करतात, हेही विचारलं.

गौरीपुढे हळद-कुंकवाची कोयरी ठेवली होती. ज्याला लावायचं त्यानं लावावं, कुणी कुणाला विचारायचं नाही. आईनं नाही लावलं. हरभऱ्याच्या पुड्या ओटीऐवजी सरसकट सगळ्यांच्या हातात दिल्या, काकांच्यासुद्धा. सगळे आले असं मात्र नाही. दोन घरांतून ‘तब्येत बरी नाही’ असा मेसेज आला, शेवटी हात जोडलेली इमोजी. दुसऱ्या दिवशी दोघीही जॉगिंग ट्रॅकवर फ्रेश दिसल्या. असो.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या. वय ऐंशीच्या पुढे. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली असतील. मी या बिल्डिंगमध्ये वाढले, पण त्यांना चैत्रात कुणाच्या दारात पाहिल्याचं मला आठवत नाही. लिफ्टमधून नातवाचा हात धरून आल्या, गौरीसमोर बराच वेळ बसून राहिल्या. मी गजऱ्यांचं ताट घेऊन फिरत होते. त्यांच्यापुढे जाताना क्षणभर पाय अडखळले माझे, एवढं भाषण ठोकलेलं असूनही. त्यांनी एक गजरा उचलला. केसात नाही माळला. नाकाशी धरला, मग रुमालात गुंडाळून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, ‘‘उशाशी ठेवीन.’’ आईनं त्यांच्या मनगटाला अत्तर लावलं. दोघी काहीच बोलल्या नाहीत. मी पटकन पन्हं आणायच्या निमित्तानं किचनमध्ये पळाले.

किचनवरून आठवलं. दुपारी डाळ कालवून झाल्यावर आईनं सवयीनं वाटी भरली आणि हात पुढे करून मध्येच थांबली. समोर मी होते. दादा आंघोळीला गेला होता. मी चव बघितली. डाळ परफेक्ट होती, दरवर्षीसारखी.

‘‘कैरी कमी पडलीय,’’ मी म्हटलं.

आई दोन सेकंद बघत राहिली. मग ‘‘बरं’’ म्हणून ओट्याकडे वळली आणि बराच वेळ पाठमोरीच उभी राहिली. वाटी परत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. मी ठरलेलं वाक्य म्हटलं. डाळीत तिनं काहीही घातलेलं नव्हतं, मी बघत होते.

रात्री साडेनऊला पसारा आवरताना खालच्या काकू एकट्याच परत आल्या. पदर खोचून पन्ह्याचे ग्लास विसळायला लागल्या. बराच वेळ नुसता नळाचा आवाज. मग आईकडे न बघता म्हणाल्या, ‘‘वहिनी, पुढच्या चैत्रात माझ्याकडे यायचं. डाळ घेऊन नाही, नुसतं यायचं. डाळ मी करेन.’’

‘‘येईन की,’’ आई म्हणाली.

काकू गेल्यावर तिनं दार लावलं, कडी घातली आणि उरलेले हरभरे उसळीसाठी डब्यात भरता भरता हळूच मला म्हणाली, ‘‘जाईन मी. पण तिच्या डाळीत हिंग फार कमी असतो गं.’’