एक वाटी किस म्हणजे किती ग्रॅम?

मंडळी, आज कोडिंग नाही, ट्रेक नाही. आज साखरांबा!

आमच्या कोरेगावच्या घरची रेसिपी एका ओळीत संपते. "एक वाटी किसाला सव्वा वाटी साखर." पुण्यातल्या ताईला ती ग्रॅममध्ये हवी होती, कारण तिच्याकडे डिजिटल काटा आहे आणि आजीची वाटी नाही. आजीला आता ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. त्यामुळे हे काम 'पुढच्या उन्हाळ्यात बघू' असं ढकलण्यातलं नव्हतं.

कन्व्हर्जन म्हटलं की इंजिनीअर आधी गुणक शोधतो. मैलाचे किलोमीटर? गुणिले १.६०९, संपला विषय. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर वाया गेलं ते पाउंड आणि न्यूटनच्या अशाच एका गुणकापायी. पण वाटीचे ग्रॅम करायला असा एकच गुणक नसतोच. अमेरिकन कृषी खात्याच्या तक्त्यात कपभर अख्ख्या स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम, चकत्या १६६ आणि गर केला की २३२! कप तोच, फळ तेच (आपली महाबळेश्वरची धरा हवं तर), फक्त मधली हवा कमी होत गेली.

आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. पायली, अधोली, शेर ही मापं. पण ज्वारीची पायली आणि वाळल्या शेंगांची पायली तराजूत सारखी भरत नाही. शेर तर मापाचाही होता आणि वजनाचाही (८० तोळे, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम). वर आणखी माप काठोकाठ की शिगोशीग, हा वाद वेगळाच. आंबा तर आपण अजूनही डझनावर घेतो. असो.

एवढा कीस कशाला पाडायचा? (कैरीचा सोडून!) तर साखर पाणी धरून ठेवते, म्हणून साखरांबा वर्षभर टिकतो. ती कमी पडली की बुरशी.

मग आजीला खुर्चीत बसवलं आणि काटा समोर ठेवला. तिच्या वाटीत पाणी १५० ग्रॅम, साखर १२७. म्हणजे सव्वा वाटी साखर झाली १५९ ग्रॅम. कैरीचा किस मी सैल भरला तर ८० ग्रॅम, अंगठ्याने दाबून भरला तर ११२. म्हणजे एकीकडे किसाच्या दुप्पट साखर आणि दुसरीकडे जेमतेम १.४ पट. एकाच रेसिपीचे दोन वेगळे पदार्थ!

आजीला तीच वाटी तीनदा भरायला लावली. ९५, ९७, ९६. हात आहे की लोडसेल? ती दाबत नाही, नुसती वाटी ओट्यावर दोनदा आपटते. कागदावर हे कुठेच नव्हतं.

ताईला मेल गेली: १०० ग्रॅम किसाला १६५ ग्रॅम साखर.

"आणि कैरी जास्त आंबट निघाली तर?" आजी.

"तर?"

"तर मूठभर जास्त."

मूठही मोजली. तिची ४१ ग्रॅम, माझी ५८. ताईची अजून यायची आहे.