छावणीतला देव

गेल्या बुधवारी ऑफिसात जेवताना एका मित्राने एकदम विचारलं, "अरे, तुम्ही लोक सारखं म्हणता ना, देव आमच्याबरोबर आहे म्हणून... बरोबर आहे म्हणजे नक्की काय असतं रे?"

चेष्टा नव्हती. त्याची आई तीन आठवडे आयसीयूत आहे. घरात रोज आरती होते, सिद्धिविनायकाला बोलून झालंय. आणि रिपोर्ट काही सुधारत नाहीत. मी ख्रिश्चन आहे, दर रविवारी चर्चला जातो, तर माझ्याकडे काहीतरी तयार उत्तर असेल असं त्याला वाटलं असणार.

माझ्याकडे नव्हतं. "म्हणजे... विश्वासाचा भाग आहे रे तो," असं काहीतरी पुटपुटलो आणि डबा बंद केला. प्रॉडक्शनचा बग विचारल्यावर "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणावं, तसलं उत्तर! तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. म्हणून आज लिहायला बसलो.

तर, सुरुवात बदलापूरपासून.

आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले म्हणून इकडे आलो आणि बदलापूर पश्चिमेला, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर वन रूम किचन घेतलं. रोज संध्याकाळी सातला कौटुंबिक उपासना. 'उपासना संगीत' मधलं एक गायन, शास्त्रातला एक भाग, मग गुडघ्यांवर प्रार्थना. आजीची प्रार्थना सगळ्यात लांब असायची. ती नगरच्या प्रत्येक नातेवाइकाचं नाव घ्यायची आणि मी एक डोळा उघडून घड्याळ बघायचो.

तेव्हा माझा देव म्हणजे सीसीटीव्ही होता. (हा शब्द तेव्हा माहीत नव्हता, पण कल्पना अगदी तीच.) संडे स्कूलच्या बाई १३९ वं स्तोत्र शिकवायच्या. आकाशात चढलास तरी देव तिथे आहे, अंधारात लपलास तरी तो बघतो, अशा अर्थाचं. बाईंच्या तोंडून ती धमकी वाटायची. शाळेत कुणाची पेन्सिल ढापली की मी आधी वर बघायचो, मग मागे. ते स्तोत्र पकडला गेलेल्या माणसाचं नाही, एकटा पडलेल्या माणसाचं आहे, हे कळायला फार वर्षं लागली. अंधारसुद्धा देवाला अंधार वाटत नाही, हे ज्याला खरंच अंधारात बसावं लागलंय त्याच्यासाठी केवढी मोठी बातमी आहे!

नोकरी लागली तेव्हा सीसीटीव्ही गेला आणि हेल्पडेस्क आला. प्रार्थना म्हणजे तिकीट. इंटरव्ह्यू आहे, तिकीट टाक. प्रमोशन, व्हिसा... प्रत्येकाला प्रायॉरिटी वन. काम झालं की 'रिझॉल्व्ह्ड', आभार मानायचे आणि विसरून जायचं. नाही झालं की आपण प्रार्थनेचा फॉर्म नीट भरला नसेल असं समजायचं. मला वाटतं आपल्यातले बरेच जण, कुठल्याही धर्माचे असोत, देवाशी असंच वागतो.

मग २६ जुलै २००५ आला.

सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी अंधेरीच्या ऑफिसात अडकलो, बाबा अंबरनाथला फॅक्टरीत. घरी फक्त आई आणि आजी. आजीला तोवर नीट चालता येत नव्हतं. संध्याकाळी सातला आईचा फोन आला, "पाणी उंबऱ्याला लागलंय, तू काळजी करू नको," आणि लाइन गेली. नंतर मोबाइलही लागेना. त्या रात्री ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये टेबलाखाली झोपून मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं तिकीट टाकलं. दर पाच मिनिटांनी. उत्तर शून्य. एसीचा आवाज आणि बाहेर पाऊस. देव 'ऑफलाइन' असणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.

२८ तारखेला कसाबसा कल्याणला पोचलो. पुढे गाडी मिळाली नाही, म्हणून निघालो चालत. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. रुळांच्या हिशोबाने चौदा किलोमीटर. एरवी पंचवीस-तीस मिनिटांचा प्रवास आणि त्यातही मी झोपलेला असायचो.

उल्हासनगरच्या आसपास काही सिंधी मंडळी रस्त्यावर टेबल टाकून पाणी आणि बिस्किटं वाटत होती. एका म्हाताऱ्या काकांनी माझ्या हातात पाण्याची पिशवी दिली आणि म्हणाले, "बैठ जा बेटा, दो मिनट बैठ जा." मी म्हटलं, घरी जायचंय, आईचा पत्ता नाही. त्यावर त्यांनी "सब ठीक होगा" वगैरे काही म्हटलं नाही. नुसते माझ्या शेजारी फुटपाथवर बसले. मी पाणी पिईपर्यंत बसले. मग म्हणाले, "अब जा."

हे काका पुढे परत येणार आहेत, लक्षात ठेवा.

घर सापडलं, आई आणि आजी सापडल्या. वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंनी आजीला खुर्चीत बसवून वर चढवलं होतं. आमच्या घरात गळ्याएवढं पाणी होतं. टीव्ही, गाद्या, माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं, सगळ्याचा चिखल झाला. आईने दोनच गोष्टी वाचवल्या, रेशन कार्डाची पिशवी आणि घरचं मोठं पवित्र शास्त्र. तेही भिजलंच. अजून आमच्याकडे आहे, पानं फुगून दुप्पट जाड झालेलं. पहिल्या पानावर आजोबांनी लिहिलेल्या सगळ्यांच्या जन्मतारखा शाई पसरून निळ्या ढगांसारख्या झाल्यात.

दोन रविवारांनी आईने चर्चमध्ये साक्ष दिली. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं आणि मी मान खाली घालून बसलो. कारण आमच्याच मंडळीतले एक काका त्या रात्री घरी परत येताना वाहून गेले होते. त्यांची बायको तिसऱ्या बाकावर बसली होती. महाराष्ट्रात त्या पुरात हजाराहून जास्त माणसं गेली. ती काय प्रार्थना न करणारी होती? देव आमच्या जिन्यावर होता, मग त्या काकांजवळ नव्हता? काकूंनी ही साक्ष ऐकायची कशी?

त्यानंतर वर्षभर मी चर्चला नुसता शरीराने जात होतो. आईला काही बोललो नाही. ती पोळ्या लाटत असताना विचारायचं तरी काय, की आई, तुझा देव पक्षपाती आहे का?

मला परत आणलं ते एका चमत्काराने वगैरे नाही, भूगोलाने! सहा महिन्यांनी एका सिंधी कलीगच्या लग्नाला उल्हासनगरला गेलो. पत्ता होता 'कॅम्प नंबर चार'. लहानपणापासून ऐकत होतो, कॅम्प तीन, कॅम्प पाच. कधी विचार केला नव्हता की कॅम्प का. त्याच्या आजोबांनी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ एक लाख माणसांना त्या रिकाम्या बराकींमध्ये ठेवलं. एका बराकीत कित्येक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. देवळं, जमीन, सगळं मागे राहिलं. मी विचारलं, "फिर भगवान?" ते हसले. "भगवान तो साथ ही आया. उसका भी घर गया था ना."

मला त्या रात्री परतीच्या लोकलमध्ये झोप आली नाही.

कारण हे मी वाचलं होतं, शंभर वेळा. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोक मिसरातून सुटून चाळीस वर्षं रानात भटकतात. तेव्हा देव आपल्यासाठी मंदिर बांधून घेत नाही. तो तंबू मागतो. निवासमंडप. त्याच्या चारही बाजूंना लोकांच्या छावण्या आणि मध्ये देवाचा तंबू. तो निघाला की ते निघणार, तो थांबला की ते थांबणार. देवाचा पत्तासुद्धा कॅम्प नंबर अमुकच! आणि योहानाच्या शुभवर्तमानात येशूबद्दल लिहिताना, देव आपल्यात येऊन राहिला असं म्हणताना, मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा अर्थ तंबू ठोकून राहणं असा आहे. म्हणजे तीच जुनी सवय.

अंबरनाथचं शिवमंदिर बाबांनी लहानपणी दाखवलं होतं. १०६० सालचं, शिलाहारांचं. तिथला गाभारा मंडपाच्या पातळीवर नाही, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. तेव्हा मला गंमत वाटली होती, की देवाला भेटायला खाली कसं जायचं? आता वाटतं, आमच्या विश्वासाचं सगळं सार त्या प्रश्नात आहे. फक्त आमच्याकडे पायऱ्या उतरतो तो देव. गोठ्यात, सुताराच्या घरात, शेवटी क्रुसावर. आणि तिथे तर तो स्वतःच ओरडतो की देवा, मला का सोडलंस. देव ऑफलाइन असल्याची ती रात्र देवाने स्वतः भोगली आहे. मला हे हेल्पडेस्कपेक्षा फार वेगळं वाटतं.

पवित्र आत्म्याला आमच्या मराठी बायबलमध्ये एक सुंदर शब्द आहे, 'कैवारी'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'ज्याला बाजूला बोलावलंय तो'. बाजूला. वर नाही, कंट्रोल रूममध्ये नाही. तुमच्या बाजूचा आणि तुमच्या बाजूला बसलेला, दोन्ही.

(हे सगळं एका झटक्यात पटलं असं समजू नका. ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी साहेबाने नवा करार दिला. पण त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ साली, बऱ्याच वाचनानंतर आणि तगमगीनंतर. लक्ष्मीबाईंनी तर नवऱ्याने केलं म्हणून केलं नाही. विरह, अपमान, स्वतःशी भांडण, सगळं करून १९०० साली आपल्या पायांनी आल्या. 'स्मृतिचित्रे' वाचा, नक्की वाचा. तेव्हा माझं एक वर्ष म्हणजे काहीच नाही.)

असो. तो पक्षपाताचा प्रश्न मात्र राहिलाच होता. तो शेवटी आईला विचारला २०१९ साली. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजाराच्या वर प्रवासी बोटींनी काढले, तेव्हा. टीव्हीवर ते बघताना आई गप्प झाली होती. मी म्हटलं, "आई, तू त्या वेळी साक्ष दिलीस, देवाने वाचवलं म्हणून. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं. काकू समोर बसल्या होत्या."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "मी वाचवलं असं कुठे म्हटलं?"

"म्हणजे?"

"मी म्हटलं, रात्रभर तो माझ्याजवळ होता. जिन्यावर बसले होते, आजीचं डोकं मांडीवर, पाणी एक-एक पायरी वर येत होतं. मी पायऱ्या मोजत होते. सहा राहिल्या, पाच राहिल्या. चारवर थांबलं. नसतं थांबलं तरी तो होताच की. मी घाबरलेच होते रे, पण एकटी नव्हते. तेवढंच सांगितलं." मग टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाली, "आणि काकूंना मी आदल्या दिवशीच विचारलं होतं, उद्या बोलू का म्हणून. त्या म्हणाल्या, बोल. ते गेले तेव्हा त्यांच्याजवळही कोणीतरी होतं, एवढं तरी मला ऐकू दे."

चौदा वर्षं! चौदा वर्षं मी आईची साक्ष चुकीची ऐकली होती. मला 'रिझॉल्व्ह्ड' ऐकायची सवय होती, म्हणून तेच ऐकलं. दानीएलाच्या पुस्तकात तीन तरुणांना धगधगत्या भट्टीत टाकतात ना, शद्रख, मेशख, अबेदनगो. टाकण्याआधी ते राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्यापुढे वाकणार नाही. आणि मग राजाला आत तिघांऐवजी चौघे फिरताना दिसतात. लहानपणी मला वाटायचं, चमत्कार म्हणजे ते भाजले नाहीत हा. आता वाटतं, चमत्कार तो चौथा.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. देव बरोबर आहे म्हणजे रिपोर्ट चांगले येतील असं नाही. मी प्रार्थना करतोय, रोज करतोय, आणि चांगलेच यावेत अशीच करतोय. पण त्याचा स्वभाव मला जेवढा कळलाय तो असा, की तो पाणी पिईपर्यंत फुटपाथवर शेजारी बसणाऱ्या त्या सिंधी काकांसारखा आहे. "सब ठीक होगा" म्हणत नाही. उठूनही जात नाही.

अर्थात हे सगळं डब्यावर बसून सांगता येणार नाही, आणि तिच्या नळ्यांकडे बघत बसलेल्या माणसाने ते ऐकावं अशी अपेक्षाही नाही. म्हणून सोमवारी हाफ डे टाकलाय. आयसीयूच्या बाहेर त्या लोखंडी खुर्च्या असतात ना, तिथे त्याच्या शेजारी जाऊन बसणार आहे. आईने थर्मास भरून चहा द्यायचं कबूल केलंय.