लाभांशाची खतावणी

ज्या गृहस्थाच्या चरितार्थाचा काही अंश कंपन्यांच्या लाभांशावर अवलंबून आहे, त्याला आपल्या वहीत एक रकाना असा आखून घ्यावा लागतो की, जो दलालाच्या पत्रकात आढळत नाही, बँकेच्या पासबुकात आढळत नाही आणि कंपनीच्या वार्षिक अहवालातही आढळत नाही. तो रकाना महागाईचा. शेअरचा भाव काय झाला, लाभांश किती जाहीर झाला, खात्यात रक्कम कोणत्या तारखेस जमा झाली, या गोष्टी आज कोणालाही घरबसल्या कळतात. परंतु यंदा जमा झालेल्या लाभांशातून गतवर्षीइतकेच धान्य, तितकीच औषधे आणि तितकीच वीज विकत घेता येते की नाही, हे ज्याचे त्यालाच काढावे लागते.

माझी वही जुन्या वळणाची आहे. लाभांश ज्या दिवशी बँकेत जमा होतो त्या दिवशी त्याची नोंद कीर्दीत होते आणि तेथून ती त्या त्या कंपनीच्या खात्यावर खतावली जाते. 1 एप्रिल 2020 पासून लाभांशावरील कराचा भार कंपनीकडून भागधारकाकडे आला आणि ठरावीक मर्यादेपलीकडच्या रकमेतून दहा टक्के कर उगमापाशीच कापला जाऊ लागला; तेव्हापासून जाहीर, कपात आणि जमा असे तीन रकाने मी ठेवतो व वर्षअखेरीस त्यांची आयकर खात्याच्या 26एएस पत्रकाशी रुजवात घालतो. लाभांशाची टक्केवारी मात्र मी लिहीतच नाही. वृत्तपत्रांतून हजार-दीड हजार टक्क्यांचे आकडे झळकतात. पण ते एक-दोन रुपयांच्या दर्शनी किमतीवरचे असतात, आणि बाजारभावाने शेअर घेणाऱ्याच्या दृष्टीने त्यांना काहीही अर्थ नसतो. दर शेअरमागे किती रुपये आणि किती पैसे, एवढेच वहीत उतरावे.

या वहीची खरी परीक्षा 2020 नंतरच्या चार वर्षांत झाली. ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे महागाईचा सरासरी दर 2020-21 मध्ये 6.2 टक्के होता आणि पुढील तीन वर्षांत तो अनुक्रमे 5.5, 6.7 आणि 5.4 टक्के राहिला. एकेक आकडा पाहिला तर भय वाटू नये असा; परंतु त्यांची चक्रवाढ केली म्हणजे 2019-20 साली ज्या संसाराला 100 रुपये पुरत होते, त्यालाच 2023-24 मध्ये 126 रुपये लागू लागले, असे दिसते. आता आयटीसीचे पान उघडावे. (ही खरेदीची शिफारस नव्हे, ज्यांचे आकडे सर्वांना पडताळून पाहता येतील, अशी उदाहरणे घेतली आहेत, इतकेच.) 2019-20 साठी या कंपनीने दर शेअरमागे 10 रुपये 15 पैसे लाभांश दिला आणि 2023-24 साठी 13 रुपये 75 पैसे. वाढ 3 रुपये 60 पैशांची. परंतु मूळच्या 10 रुपये 15 पैशांची क्रयशक्ती नुसती टिकवून धरण्यासाठीच 12 रुपये 79 पैसे आवश्यक होते. म्हणजे वाढीतले 2 रुपये 64 पैसे महागाईनेच नेले आणि खरी भर पडली ती 96 पैशांची. मधले एक वर्ष तर विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. 2020-21 चा लाभांश 10 रुपये 75 पैसे, म्हणजे आदल्या वर्षाहून 60 पैसे अधिक; वरवर पाहणाऱ्यास ती वृद्धीच वाटणार. पण महागाईचा रकाना सांगतो की 10 रुपये 78 पैसे हवे होते, आणि भागधारक तीन पैशांनी मागे पडला होता.

हा रकाना भरताना एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. कंपन्या कधीकधी नित्याच्या लाभांशाबरोबर विशेष लाभांशही देतात. त्याचे पान स्वतंत्रच असले पाहिजे. हिंदुस्थान युनिलिव्हरने 2020-21 साठी एकूण 40 रुपये 50 पैसे दिले आणि पुढील वर्षासाठी 34 रुपये, तेव्हा लाभांश घसरला असे कोणासही वाटले असते. वस्तुतः पहिल्या वर्षाच्या रकमेत साडेनऊ रुपये विशेष लाभांशाचे होते. ते वजा करता नित्याचा लाभांश 31 रुपयांवरून 34 रुपयांवर गेला होता, म्हणजे महागाईच्या दराला त्याने चांगलेच मागे टाकले होते. नैमित्तिक प्राप्तीला नित्याची मिळकत मानून त्यावर घरखर्च बसवणे निवृत्त माणसाला परवडत नाही.

महागाईच्या काळात नफ्याच्या आकड्याकडेही मी सावधपणे पाहतो, आणि या व्यासंगातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. कंपनी आपल्या यंत्रांचा घसारा त्यांच्या मूळ खरेदी-किमतीवर आकारते. यंत्र बदलण्याची वेळ येते तेव्हा मात्र किंमत नवी मोजावी लागते. जुन्या भावाने भरलेला माल नव्या भावाने विकला गेला की ताळेबंदात नफा फुगलेला दिसतो, पण तीच कोठारे पुन्हा भरताना तो बहुतांशी खर्ची पडतो. अशा नफ्यातून सढळ हाताने वाटलेला लाभांश म्हणजे बियाण्यासाठी राखलेल्या धान्याची भाकरी होय. म्हणून प्रत्येक कंपनीच्या पानावर लाभांशाशेजारी मी दोन आकडे लिहितो: व्यवसायातून प्रत्यक्ष हाती आलेली रोकड, आणि यंत्रसामग्रीवर खर्ची पडलेली रक्कम. दुसरी पहिलीतून वजा जाऊन उरलेल्या शिलकेत लाभांश सहज सामावत असेल तरच तो टिकाऊ समजावा. ज्या कंपनीला ग्राहक न गमावता आपल्या मालाची किंमत वाढवता येते आणि जिला वारंवार मोठी यंत्रे बसवावी लागत नाहीत, तिचे पान बहुधा समाधानकारक निघते. केवळ भाव कोसळल्यामुळे ज्या शेअरवरचे उत्पन्न आठ-दहा टक्के दिसू लागते, त्याच्याविषयी मला ओढ वाटत नाही.

लाभांशावर कंपनीपलीकडच्या शक्तींचीही सत्ता चालते, हे जुन्या भागधारकांनी 1974 साली अनुभवले. महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली असता जुलैमध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि लाभांश नफ्याच्या एक-तृतीयांशापर्यंत किंवा दर्शनी किमतीच्या बारा टक्क्यांपर्यंत, यांतील जी रक्कम कमी असेल तिच्यापुरता, मर्यादित केला. लोकांच्या हाती कमी पैसा गेला म्हणजे भाववाढ आवरेल, असा त्यामागचा विचार होता. त्याचा भार मात्र, लाभांश हेच ज्यांचे निवृत्तिवेतन होते, त्यांच्यावर ऐन महागाईत पडला. एकाच प्रकारच्या मिळकतीवर सर्व भिस्त ठेवू नये, या माझ्या आग्रहाला त्या वर्षाचा आधार आहे.

आता राहिला प्रश्न सरकारी निर्देशांकाचा. 2012 हे आधारवर्ष असलेल्या त्या निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेये यांचा वाटा सुमारे 46 टक्के होता. वृद्ध दांपत्याच्या घरात धान्याचा खर्च कमी आणि औषधांचा, तपासण्यांचा, घरकामाला येणाऱ्या बाईंच्या पगाराचा अधिक. म्हणून मी सरकारी आकड्याशेजारी घरच्या जमाखर्चातून काढलेला स्वतःचा दरही लिहितो आणि दोहोंपैकी जो मोठा असेल त्यानेच लाभांशाचे मोजमाप करतो.

लाभांशावर संसार चालवणाऱ्या वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, येत्या 1 एप्रिलपासून त्यांनी हा एक रकाना आपापल्या वहीत आखावा आणि मागील पाच वर्षांचे आकडे त्यात भरून काढावेत. निर्देशांक सांख्यिकी मंत्रालय दरमहा प्रसिद्ध करते, लाभांशाचा तपशील वार्षिक अहवालात असतो, आणि दोन्हींसाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.