सहा पॉइंट आणि नाशिकचा चौदा वर्षांचा अनुभव

मंडळी, इथे ब्रिटनमध्ये आपले चार लोक जमले की व्हिसा आणि घरभाड्यानंतर गाडी येतेच लायसन्सच्या पॉइंटवर. आणि प्रत्येकाचं मत ठाम. "तीन वर्षांनी आपोआप जातात." "परत टेस्ट दिली की पाटी कोरी." पहिलं अर्धंच खरं आहे, दुसरं साफ चूक.

साध्या वेगमर्यादा मोडण्याला किमान १०० पौंड दंड आणि ३ पॉइंट. हातात मोबाइल सापडला तर २०० पौंड आणि थेट ६. तीन वर्षांत १२ झाले की कोर्ट साधारण सहा महिने गाडी बंद करतं. ही तीन वर्षं गुन्ह्याच्या तारखेपासून मोजतात, पत्र आलं किंवा दंड भरला त्या दिवसापासून नाही. शिवाय नोंद रेकॉर्डवर चार वर्षं राहते, दारू पिऊन चालवल्याची तर अकरा. इन्शुरन्सवाले बहुधा पाच वर्षांचं विचारतात. म्हणजे "पॉइंट गेले" म्हणताना कुणाच्या वहीतून गेले, ते आधी बघा.

आता आपल्या लोकांना सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. ते बदलून मिळत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं. पास झालात की पुढची दोन वर्षं तुम्ही 'नवे ड्रायव्हर'. या काळात १२ नाही, ६ पॉइंटलाच लायसन्स रद्द. मागे किती वर्षं चालवलंय, कोणी विचारत नाही.

आमच्या ओळखीतल्या एकाचं हेच झालं. नाशिकला चौदा वर्षं गाडी चालवलेला माणूस, कसारा घाट म्हणजे अंगण. इथे लाल सिग्नलचे ३ पडले. काही महिन्यांनी २० मैलांच्या रस्त्यावर ३४ ने गेला, आणखी ३. दोन्ही दंड वेळेवर भरले. चलन भरलं, विषय संपला, ही आपली सवय. मग डीव्हीएलएचं पत्र आलं. त्याची नोकरी केअर होममध्ये, रात्रपाळी. पहाटे परतायला बस नाही. आता गाडीला परत एल बोर्ड, आणि शेजारी बसायला निदान तीन वर्षं लायसन्स असलेलं कोणीतरी हवं. रात्री साडेनऊला असं कोण रिकामं असतं?

२० च्या रस्त्यावर ३४ हा वेग चुकीचाच, त्यावर वाद नाही. मला खटकतं ते वेगळंच. १२ पॉइंटवाल्याला कोर्टात उभं राहून सांगता येतं की बंदी आली तर घरच्यांवर असाधारण संकट येईल. पटलं तर बंदी टळते. ६ पॉइंटवाल्या नव्या ड्रायव्हरला ती सोयच नाही. एकदा पॉइंट पडले की लायसन्स आपोआप जातं. आरोपच मान्य नसेल तर दंड भरण्याआधी लढायचं, नंतर नाही. १९९५ चा कायदा आहे, १९९७ पासून लागू. अननुभवी पोरांसाठी तो ठीकच, पण घर चालवणाऱ्याचं म्हणणं निदान एकदा ऐकायला काय हरकत आहे?

आणि ती कोरी पाटी? परत दोन्ही परीक्षा पास झालात तरी ते ६ पॉइंट नव्या लायसन्सवर येतातच. दोन वर्षांचा नियम दुसऱ्यांदा लागत नाही, एवढाच दिलासा. हिशेब खरा शून्यावर येतो तो १२ पॉइंटची बंदी भोगल्यावर. हा काही सुखाचा रस्ता नव्हे.

"बायकोच्या नावावर टाक" हा सल्ला देणारेही भेटतात. ख्रिस ह्यून नावाचे मंत्री होते. २००३ सालचे वेगाचे पॉइंट पत्नीने स्वतःवर घेतले होते. २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. मूळ प्रकरण तीन पॉइंटचं!

किरकोळ वेगासाठी पोलिसांनी कोर्सचा पर्याय दिला तर तो घ्या, पॉइंट पडत नाहीत. पण तीन वर्षांत एकदाच. आणि स्वतःचे पॉइंट सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतात: लायसन्स नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पोस्टकोड टाकायचा. ज्यांना पास होऊन दोन वर्षं झालेली नाहीत, त्यांनी आज रात्रीच बघून घ्या.