दुसऱ्या तुकडीची गोष्ट

प्रकाशा, ता. शहादा
14 सप्टेंबर 2025

चि. रोहन,


रविवारी फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. यंदा आपल्या कॉलेजच्या खो-खोच्या पोरी काय करतील, आणि मी दर वर्षी ‘दुसरी तुकडी, दुसरी तुकडी’ असा जप का करतो. फोनवर घाईघाईत काहीतरी सांगून मोकळा झालो, पण समाधान झालं नाही. सध्या पाऊस धरून बसलाय. पपईत पाय घालता येत नाही, तापी दोन्ही थड्या भरून चालली आहे आणि गोमाईलाही पाणी आहे. म्हणून आज निवांत लिहितो.

तू शाळेत खो-खो खेळलास, पण आता तुझ्या डोक्यात बास्केटबॉल भरलाय, म्हणून थोडी उजळणी. नऊ मिनिटं एक संघ पाठलाग करतो, दुसरा पळतो. पळणाऱ्या नऊ जणी एकदम मैदानात येत नाहीत, तिघींच्या तुकडीने येतात. एक तुकडी बाद झाली की दुसरी, मग तिसरी. वेळ उरला तर पुन्हा पहिलीच तुकडी आत, आधीच दमलेली. बाद झालेल्या प्रत्येकीमागे समोरच्यांना एक गुण. लोक पाहतात ती पहिली तुकडी, कारण तिच्यात नावाजलेल्या मुली असतात. टाळ्याही तिलाच.

आता माझा तो जप जिच्यामुळे सुरू झाला ती मॅच. तू तेव्हा दहावीत असशील. शहाद्याच्या आपल्या कॉलेजच्या मुली नंदुरबार विभाग जिंकून आंतरविभागीयच्या उपांत्य फेरीत पोहोचल्या होत्या. आपल्या विद्यापीठात जळगाव, धुळे, नंदुरबार आणि एरंडोल असे विभाग आहेत. विभागातून वर आलेले संघ एकमेकांशी भिडतात आणि त्यातूनच पुढे विद्यापीठाचा संघ निवडला जातो. आम्ही गावातले चार-पाच जण जीप करून गेलो होतो. आपली पहिली तुकडी अशी पळाली की समोरच्या कॉलेजची पोरंसुद्धा उभी राहून बघत होती. साडेचार मिनिटं! त्यातली एक मुलगी धडगावकडची, पावरा घरातली. ती साखळी पळताना खांबापाशी अंग इतकं वळवायची की पाठलाग करणारीचा हात दर वेळी हवेतच राहायचा. आम्ही ‘पय, पय!’ ओरडून घसे बसवून घेतले.

मग दुसरी तुकडी आत आली आणि पाऊण मिनिटात तिघी बाद. त्यातली पहिली, खो मिळून उठलेलीकडे न बघता, सरळ धावली. दुसरी तिला वाचवायला आत शिरली आणि तीही सापडली. तिसरी घाबरून मैदानाची रेघ ओलांडून बाहेर गेली. तिसऱ्या तुकडीने दोन मिनिटं रेटली, आणि मग आपल्या त्या तीन रत्नांना पुन्हा मैदानात यावं लागलं. पायात गोळे आलेले, श्वास लागलेला. त्यातल्या दोघी शेवटच्या मिनिटात बाद झाल्या. आपण एका गुणाने हरलो.

त्या मुलींना कुणी बोल लावला की मला आजही राग येतो. दोष त्यांचा नव्हता. आपल्या संघात तेव्हा तिघी उत्तम पळणाऱ्या एकाच तुकडीत ठेवायची रीत होती. सरावाला वेळ मिळायचा तो शेवटच्या तासानंतर आणि शेवटच्या एसटीआधी. तेवढ्यात पहिली तुकडी पळायची आणि बाकीच्या तिला पकडायला बसायच्या. दुसरीला पळायचा सराव असा झालाच नव्हता. ज्यांना वर्षभर बसवून ठेवलं त्यांनी निर्णायक दिवशी उभं राहावं, अशी अपेक्षा कशी करायची? तेव्हापासून मी कोणताही संघ पाहिला की आधी दुसऱ्या तुकडीत कोण आहे ते विचारतो.

आता यंदाचं. खरं सांगायचं तर वरवर पाहता संघ दुबळा झालाय. पहिल्या तुकडीतल्या दोघी पदवी घेऊन गेल्या. एक पोलीस भरतीच्या तयारीला लागली आहे. भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, ते तिला अवघड नाही. राज्य पातळीचं प्रमाणपत्र असेल तर खेळाडूंच्या पाच टक्के जागांचाही आधार मिळतो. दुसरीचं लग्न होऊन ती सुरतेला गेली. तू लिहिलं होतंस की तिकडे अमेरिकेत आता चांगले खेळाडू दर वर्षी कॉलेज बदलतात, त्यासाठी नावनोंदणीची यादीच असते, शिवाय 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. इथे मुलगी कॉलेज बदलत नाही. ती गेली की खेळातूनच जाते. म्हणून प्रत्येक हंगाम इथे नव्याने उभा करावा लागतो.

तरी मी आशेवर आहे आणि त्याला कारण आहे. धडगावच्या त्या मुलीची धाकटी बहीण आता दुसऱ्या वर्षाला आहे. संघाच्या सरांनी तिला मुद्दाम दुसऱ्या तुकडीत ठेवलंय. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा सराव पाहिला. ती बहिणीइतकी वेगवान नाही, पण तिची नजर तिच्यापेक्षा चांगली आहे. खो मिळून कोण उठणार हे तिला आधीच कळतं. तिच्यासोबतच्या दोघी तिच्या हाताच्या इशाऱ्यावर दिशा बदलतात. तीन मिनिटांची तुकडी आहे ही, माझ्या मते त्याहून जास्तच. पहिली तुकडी अडीच मिनिटांच्या वर जाणार नाही, पण दुसरी पहिलीइतकीच टिकली तर समोरच्या संघाची गणितं चुकतात. आक्रमण मात्र कच्चं आहे. खांबावर सूर मारणारी एकच मुलगी, आणि तिचा खांदा गेल्या वर्षीपासून दुखतोय. तिला विश्रांती देऊन दुसरी घडवायला हवी. सरांना मी हे दोनदा सांगून आलो.

मैदान हा दुसरा घोर. काळी माती, पावसाळ्यात चिखल आणि दिवाळीनंतर भेगा. या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो मॅटवर. प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं तेव्हा वसतिगृहातल्या मुलींनी एका मोबाइलभोवती बसून तो पाहिला. त्याआधी 2020 मध्ये उस्मानाबादच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला होता. लहान गावातली मुलगी कुठवर जाऊ शकते हे या पोरींना आता ऐकीव राहिलेलं नाही. पण मॅटवर पाय वेगळा पडतो, बूट लागतात, वळण्याचा वेग बदलतो. मातीत वाढलेला संघ मॅटवर उतरला की पहिली दोन मिनिटं चाचपडण्यात जातात, आणि तेवढ्यात निकाल लागू शकतो.

तू लॉरेन्सहून बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ यांच्या त्या तेरा नियमांच्या कागदांचा फोटो पाठवलास, तो मी दोन-तीनदा मोठा करून पाहिला. 1891 चा कागद आणि तो तुमच्या कॅन्सस विद्यापीठात जपून ठेवलाय, हे फार आवडलं. आपल्या खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास बांधले. म्हणजे दोन्ही खेळ कागदावर आले ते जवळजवळ एकाच पिढीत. नेस्मिथ हे कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक, पण जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त असलेले तिथले एकमेव, हे तू सांगितलंस तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. 1936 ला बर्लिनमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा अंतिम सामना उघड्यावर, पावसाच्या चिखलात झाला. चेंडू टप्पाच घेईना. अमेरिका 19, कॅनडा 8. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ करून दाखवले होते. आमच्या चिखलाला कुणी नावं ठेवली की मी त्या सामन्याची आठवण देतो.

तुझ्या कॅन्ससचं म्हणशील, तर गेल्या हंगामात पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत अर्कान्सासकडून 79-72 ने हरले. यंदा डॅरिन पीटरसन आलाय आणि सगळे त्याच्याविषयीच बोलतात. पोरगा मोठा खेळाडू होईल. पण तू मला विचारलंस तर मी पाहीन की तो बाकावर जाऊन बसतो तेव्हा आत कोण येतं. गेल्या हंगामातला बिडुंगा कॉलेज न बदलता राहिला ही चांगली गोष्ट. त्याच्यामागे कोण आहे, ते मला नोव्हेंबरात कळव.

आता माझं मत स्पष्ट लिहितो, म्हणजे पुढे फिरवायला जागा नको. नंदुरबार विभाग आपलाच. आंतरविभागीयला उपांत्य फेरी नक्की, आणि सूर मारणारीचा खांदा साथ देत असेल तर अंतिम फेरीही. विजेतेपद यंदा नाही, पुढच्या वर्षी. विद्यापीठाच्या संघात आपल्या दोघी जातील आणि धडगावची धाकटी त्यात असेल. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पश्चिम विभागात पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या विद्यापीठांपुढे तिला किती मिनिटं मिळतील हे सांगता येत नाही, पण मिळाली तर ती दिसेल.

एक काम तुझ्याकडे. तुझ्या वर्गातले शहाद्याचे तिघे-चौघे तिकडेच आहेत. सगळ्यांनी मिळून मॅटचं मनावर घ्या. पूर्ण मैदानाची नको, निदान खांबांच्या भोवतीची तरी. दिवाळीआधी पैसे जमले तर सामन्यांपूर्वी मुलींना सराव मिळेल. कॉलेजमध्ये कुणाशी बोलायचं ते मी पाहतो. मित्रांना विचार आणि येत्या रविवारी मला आकडा सांग.

तुझा,
मामा